नाव शिरूरचे, कौल सहा ठिकाणचा

(तळेगाव ढमढेरे येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



दौंड तालुक्याने गेल्या लोकसभेसाठी मतदान केले ते ७ मे २०२४ रोजी. त्या दिवशी भीमेवरचा पूल ओलांडून पारगावकडून न्हावऱ्याच्या बाजूला येणाऱ्याला मात्र प्रचाराचा धुरळा अजून उडतानाच दिसत होता, कारण शिरूर तालुक्याचे मतदान सहा दिवसांनी, १३ मेला होते. दोन्ही काठांवर ऊस तोच, कांदा तोच, सोयरिकीही याच दोन काठांमध्ये जुळलेल्या. तरी दौंडचा मतदार बारामती लोकसभेत आणि तळेगाव ढमढेरेचा मतदार शिरूर लोकसभेत. एका काठावर सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार यांची लढत, दुसऱ्या काठावर अमोल कोल्हे आणि शिवाजीराव आढळराव पाटील यांची. माहेरी एक उमेदवार, सासरी दुसरा. ही रेषा कोणी ओढली, तिने काय घडवले आणि ती पुन्हा ओढली जाईल तेव्हा गावाने काय करायचे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

महाराष्ट्रात लोकसभेच्या जागा ४८ आणि विधानसभेच्या २८८. भागाकार केला की बरोबर सहा येतात. एक विधानसभा मतदारसंघ दोन लोकसभा मतदारसंघांत फोडता येत नाही, असा कायदाच आहे. त्यामुळे महाराष्ट्रातला प्रत्येक खासदार सहा आमदारांच्या मुलखातून निवडून येतो. शिरूर लोकसभेत जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर, भोसरी आणि हडपसर. बारामती लोकसभेत दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर आणि खडकवासला. ही यादी शाळेत पाठ करून घेत नाहीत. घ्यायला हवी. आपल्या मताला कोणाकोणाच्या मतांची जोड मिळते आणि कोणाच्या मतांशी झुंज द्यावी लागते, हे या यादीवाचून कळत नाही.

शिरूर नावाचा लोकसभा मतदारसंघ फार जुना नाही. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे नवे नकाशे आखले, ते २००८ साली लागू झाले आणि २००९ ला शिरूरची पहिली निवडणूक झाली. त्याआधी उत्तर पुणे जिल्ह्यात खेड लोकसभा होती. खेडने १९८९ ला जनता दलाचे किसनराव बाणखेले यांना दिल्लीला पाठवले, १९९८ आणि १९९९ ला अशोक मोहोळ यांना आणि २००४ ला शिवसेनेच्या आढळरावांना. खेड गेले, शिरूर आले. आढळराव मात्र टिकले. २००९ ला त्यांनी विलास लांडे यांच्यावर पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी मात केली आणि २०१४ ला देवदत्त निकम यांच्यावर तीन लाखांहून अधिक मतांनी.

इथे एक गोष्ट तळेगावकरांच्या नजरेस आणली पाहिजे. आढळराव आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीचे. कोल्हे जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचे. शिरूरचे नाव लावून लोकसभेत आजवर गेले ते हे दोघेच. म्हणजे शिरूर नावाच्या मतदारसंघाला शिरूर तालुक्यातला खासदार अजून मिळालेला नाही.

खासदारकीचे जाऊ द्या, तालुका स्वतः तरी एकसंध राहिला का? विधानसभेची रेषा शिरूर तालुक्याच्या मधून गेली आहे. पाबळ, टाकळी हाजी, कवठे येमाई या भागातली गावे आंबेगाव विधानसभेला जोडलेली आहेत. पाबळचा शेतकरी फेरफाराच्या नोंदीसाठी, रेशन कार्डासाठी, तहसीलदारापुढच्या रस्त्याच्या दाव्यासाठी शिरूरला जातो. त्याची पंचायत समिती शिरूरची. आमदार मात्र आंबेगावचा. काम अडले की आधी ठरवावे लागते, हे शिरूरला सांगायचे की आंबेगाव तालुक्यातल्या मंचरला. तालुक्याच्या आमसभेत रस्त्याचा विषय निघतो, तेव्हा एकाच तालुक्यात दोन आमदारांचा निधी आणि दोन आमदारांची माणसे असतात. नकाशावर बोटभर रुंदीची ही गोष्ट. पण एखाद्या वाडीचा रस्ता दोन-दोन वर्षे लांबायला ती पुरते.

उरलेल्या शिरूर तालुक्याला दुसऱ्या बाजूने हवेली तालुक्याचा पूर्व भाग जोडला आहे. त्यात वाघोली आहे. २००१ च्या जनगणनेच्या वेळी वाघोली हे एक मोठे गाव होते. जून २०२१ मध्ये ती पुणे महापालिकेत गेली आणि आज तिथे इमारतींच्या रांगा आहेत. त्या इमारतींतला मतदार आणि तळेगाव ढमढेरेचा मतदार विधानसभेला एकाच यंत्रावर बटण दाबतात. २०२४ च्या नोव्हेंबरात शिरूर विधानसभेत ज्ञानेश्वर ऊर्फ माऊली कटके यांनी अशोक पवारांचा ७४ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. अशोक पवार भीमाकाठच्या वडगाव रासाईचे, कटके वाघोलीचे. या निकालाला राष्ट्रवादीतल्या फुटीपासून न्हावऱ्याच्या बंद पडलेल्या घोडगंगा साखर कारखान्यापर्यंत अनेक कारणे होती. पण मतदारसंघाचे वजन पूर्वेकडून पश्चिमेकडे, भीमेकडून पुण्याकडे सरकत चालले आहे, हे कारण या सगळ्यांच्या मुळाशी आहे, आणि पुढच्या प्रत्येक निवडणुकीत ते अधिक ठळक होणार आहे.

लोकसभेला हाच ताण सहापट मोठा दिसतो. हडपसर आणि भोसरी या दोन शहरी मतदारसंघांत प्रत्येकी पाच लाखांहून अधिक मतदार आहेत; जुन्नर आणि आंबेगावात प्रत्येकी तीन लाखांच्या आसपास. २०१९ ची मतमोजणी आठवा. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार ग्रामीण मतदारसंघांनी कोल्हे यांना लीड दिले. भोसरी आणि हडपसर यांनी आढळरावांना. शेवटी कोल्हे ५८,४८३ मतांनी निवडून आले. गाव आणि शहर यांच्यातली सीमा त्या दिवशी आकड्यांत स्वच्छ उमटली होती.

त्या निवडणुकीत गावांना कोणत्या प्रश्नाने पेटवले होते? बैलगाडा शर्यतीने. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर शर्यतींचे घाट ओस पडले होते. जुन्नर-आंबेगाव-खेडच्या यात्रांमध्ये बैलगाड्याची बारी हीच खरी यात्रा. ती बंद झाल्याची खंत प्रत्येक पारावर होती. कोल्हे तेव्हा घराघरांत दिसत होते ते छोट्या पडद्यावरचे संभाजी महाराज म्हणून, आणि महाराजांची समाधी असलेले वढू बुद्रुक याच शिरूर तालुक्यात. शर्यत सुरू करून दाखवू आणि बारीपुढे घोडी धरू, असा शब्द त्यांनी दिला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली, फेब्रुवारी २०२२ मध्ये निमगाव दावडीच्या घाटात खासदार खरोखरच घोडीवर बसले आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतीला परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. हडपसरच्या सोसायटीत राहणाऱ्या संगणक अभियंत्याला या सगळ्याचे काय महत्त्व? फारसे नाही. आणि भोसरीतल्या अनधिकृत घराच्या शास्तीकराचे जुन्नरच्या द्राक्ष बागायतदाराला काय? तेही फारसे नाही. तरी या दोघांचा खासदार एकच.

२०२४ ला बैलगाड्याची जागा कांद्याने घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर बंदी घातली. ती उठली ४ मे २०२४ ला, इथल्या मतदानाला नऊ दिवस उरले असताना. चाळीत साठवलेल्या कांद्याला दर मिळाला नाही, हे दुःख जुन्नरपासून शिरूरपर्यंत एकच होते. कोल्हे १,४०,९५१ मतांनी निवडून आले आणि सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे राहिले. आढळरावांना आघाडी फक्त भोसरीत मिळाली. या वेळी हडपसरही गावांबरोबर गेले.

आणि नोव्हेंबरची विधानसभा? तीच माणसे, तीच केंद्रे, तीच बोटाची शाई. जुन्नरला अपक्ष शरद सोनवणे, आंबेगावला दिलीप वळसे पाटील, शिरूरला कटके, हडपसरला चेतन तुपे, भोसरीला महेश लांडगे. लोकसभेला ज्या महाविकास आघाडीचा उमेदवार पाच ठिकाणी पुढे होता, तिला आता एकच जागा मिळाली, खेड-आळंदीची. तिथे शिवसेना ठाकरे गटाचे बाबाजी काळे निवडून आले. दौंडमध्येही तसेच: उन्हाळ्यात सुप्रिया सुळे यांना आघाडी, हिवाळ्यात भाजपचे राहुल कुल आमदार. राज्याचा हिशेब याहून मोठा. जूनमध्ये महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या होत्या; नोव्हेंबरमध्ये तिच्या तीन मुख्य पक्षांच्या हाती २८८ पैकी ४६ लागल्या. भाजप, शिंदेंची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी मिळून २३० वर गेली.

मतदार लहरी आहे, पैशाला भुलतो, असे निकालानंतर पुष्कळांनी लिहिले. ते वाचून वाईट वाटते, कारण ते खरे नाही. मधल्या काळात ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये बायकांच्या खात्यावर जमा होऊ लागले होते आणि प्रश्नही बदलला होता. दिल्लीत कोण बसावे याचे उत्तर द्यायचे ते मेमध्ये. तालुक्याचे पाणी, कारखाना, पोलीस ठाणे, रुग्णालय यांसाठी कोणाकडे जायचे, हे ठरवायचे ते नोव्हेंबरमध्ये. दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे देणारा मतदार विचार करतो, असेच म्हणावे लागेल. मेमध्ये त्याच्यापुढे सहा तालुके-उपनगरांच्या मोळीतले त्याचे मत होते, नोव्हेंबरमध्ये त्यातले एकच कांडे.

आता मतदान केंद्राच्या आत जाऊन पाहू. एका बॅलेट युनिटवर सोळा बटणे असतात. बारामतीत २०२४ ला ३८ उमेदवार होते. नोटा धरून ३९ बटणे, म्हणून दौंडच्या मतदारापुढे तीन यंत्रे ओळीने मांडलेली. वयस्क बाईने पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभे राहून तीन यंत्रांवर आपले चिन्ह शोधायचे, बटण दाबायचे आणि शेजारच्या काचेत सात सेकंद दिसणारी चिठ्ठी पाहायची. शरद पवारांच्या पक्षाचे नवे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस, आणि अपक्षांना दिलेल्या मोकळ्या चिन्हांत नुसत्या तुतारीच्या नावाने छापलेले एक वाद्य होते. शिरूरमध्ये त्या वाद्याच्या उमेदवाराला सुमारे २८ हजार मते पडली. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत तर लाखाच्या वर गेली. साताऱ्यात उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी जिंकले आणि त्या चिन्हाच्या अपक्षाची मते त्या फरकाहून अधिक होती.

हे प्रकरण विधानसभेला आपल्या उंबऱ्यावर आले. आंबेगावात वळसे पाटील १,५२३ मतांनी निवडून आले. त्यांचे प्रतिस्पर्धी देवदत्त निकम. आणि त्याच यादीत त्याच नावाचा आणखी एक उमेदवार, त्याच वाद्याच्या चिन्हावर. त्याला २,९६५ मते मिळाली. ही सगळी मते चुकून पडली असे कोणी सिद्ध करू शकत नाही. पण जाड भिंगाचा चष्मा लावून बटण शोधणाऱ्या माणसाला दोन सारखी नावे आणि दोन सारखी चित्रे देणे हा अन्याय आहे, आणि तो कोणत्या पक्षाच्या पथ्यावर पडला यावर त्याचे अन्यायपण ठरत नाही. थोड्या मतांची किंमत दौंडकरांनाही ठाऊक आहे. २०१९ ला राहुल कुल यांनी रमेश थोरात यांचा पराभव केला तो ७४६ मतांनी.

आकाराकडे वळू. शिरूर लोकसभेत २०२४ ला २५ लाखांहून अधिक मतदार होते. अख्ख्या गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास होती, आणि गोव्याला दोन खासदार आहेत. एकट्या हडपसर विधानसभेत जेवढे मतदार आहेत, तेवढ्यांसाठी गोव्यात आमदारांची एक मोठी फळी बसेल. लहान राज्यांना किमान प्रतिनिधित्व मिळावे हे योग्यच आहे. पण शिरूरच्या खासदाराला माळशेज घाटापासून मुळा-मुठेच्या काठापर्यंत पोहोचायचे असते, आणि तळेगावच्या माणसाला त्याच्या वेळेचा जो वाटा मिळतो तो त्यामुळे फार लहान होतो.

हे असे का झाले? १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांच्या जागा घटू नयेत, हा हेतू. २००२ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. १९७१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर होती; एका खासदारामागे साधारण साडेदहा लाख माणसे. २०११ ला सव्वाअकरा कोटींच्या घरात. एका खासदारामागे तेवीस लाखांहून अधिक. जागा ४८ च राहिल्या. राज्यातल्या राज्यात मात्र २००८ ला रेषा हलल्या: पुणे जिल्ह्याच्या जागा २१ झाल्या आणि विदर्भाच्या ६६ वरून ६२ वर आल्या. विदर्भाने ती खंत अजून विसरलेली नाही.

या रेषा ओढतो कोण, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागांच्या रेषा बहुतेक राज्यांत तिथली विधिमंडळेच ओढतात, म्हणजे ज्यांना निवडून यायचे आहे त्यांचेच पक्ष. १८१२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर गेरी यांच्या काळात आखलेला वेडावाकडा मतदारसंघ अशा सोयीस्कर आखणीचे उदाहरण म्हणून आजही दाखवला जातो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने जनगणनेची वाट न पाहता रिपब्लिकन पक्षाच्या सोयीचा नवा नकाशा मंजूर केला. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या सोयीच्या नकाशाला कौल देऊन उत्तर दिले. आपल्याकडे हे काम स्वतंत्र आयोगाकडे आहे. २००२ च्या कायद्यानुसार प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. ही आपली मोठी कमाई आहे आणि ती जपली पाहिजे.

पण आयोग स्वतंत्र असला म्हणून तो पाबळच्या माणसाची अडचण आपोआप जाणत नाही. कायदा सांगतो की मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग असावा आणि प्रशासकीय सीमा, दळणवळण, लोकांची सोय यांचा विचार व्हावा. आयोगाने आधी प्रस्ताव प्रसिद्ध करावा, हरकती मागवाव्यात, जाहीर बैठका घ्याव्यात, मगच अंतिम आदेश काढावा. एकदा तो आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचे बळ येते. १९६६ च्या मेघराज कोठारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आव्हानापलीकडचा मानला. २०२४ मध्ये उघड मनमानी असल्यास तपासणीची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली, पण ती अरुंद आहे. म्हणजे बोलायची खरी वेळ हरकतींच्या मुदतीत असते, नंतर नाही.

ती वेळ दूर नाही. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरवली गेली आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा ठेवल्या आणि त्या पुढच्या परिसीमनाशी जोडल्या. आजच्या संख्येने हिशेब केला तर महाराष्ट्रात लोकसभेच्या १६ आणि विधानसभेच्या ९६ जागा होतात. २०२४ ला राज्यातून लोकसभेवर गेलेल्या महिला होत्या सात. शिरूरमधून आजवर एकही नाही. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेत निम्म्या जागांवर बसून कारभार शिकलेल्या बायका याच तालुक्यात आहेत. पुढचा नकाशा त्यांच्यासाठीही आखला जाणार आहे, हे त्यांनी आत्ताच लक्षात घ्यावे.

म्हणून तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, पाबळ, न्हावरे आणि भीमेपलीकडच्या दौंडच्या गावांना एक विनंती. परिसीमनाचा प्रस्ताव प्रसिद्ध होईल तेव्हा तो ग्रामसभेत मोठ्याने वाचा. आपले गाव कोणत्या तालुक्यात, कोणत्या विधानसभेत, कोणत्या लोकसभेत टाकले आहे ते तपासा. तहसील एकीकडे आणि आमदार दुसरीकडे असेल, तर त्याने काय अडते ते उदाहरणांसह लिहा: कोणता रस्ता, कोणता दाखला, किती अंतर. ठराव करून मुदतीत पाठवा. आयोगाची बैठक पुण्यात असेल तर पक्षाचे झेंडे घरी ठेवून गावाची माणसे घेऊन जा, आणि त्या माणसांत निम्म्या बायका असू द्या.